ताश्कंद १९१८–२० : क्रांतीनंतरची सरहद्द आणि बातमी आणणारी माणसं

सह्यवाट | सोमवार, २१:१५

१४ ऑगस्ट १९१८ या दिवशी फ्रेडरिक मार्शमन बेली नावाचा हिंदुस्थान सरकारचा अधिकारी ताश्कंदला पोहोचला. तिथल्या बोल्शेविक सरकारशी बोलायचं आणि त्यांचा कल कुठे आहे ते सिमल्याला कळवायचं, हे त्याचं काम. त्याच आठवड्यात तिथून शेकडो मैल पश्चिमेला, त्याच रेल्वेमार्गावर, हिंदुस्थानी फौजेच्या १९ व्या पंजाबी पलटणीतले मशीनगनवाले त्याच बोल्शेविक सरकारच्या सैन्यावर गोळ्या झाडत होते.

बेलीला याचा पत्ता नव्हता. ताश्कंदच्या परराष्ट्र कमिसाराने (कमिसार म्हणजे बोल्शेविक मंत्री) त्याला पहिल्याच भेटींत विचारलं, की तुमचे सैनिक आमच्यावर का चालून आलेत? बेलीपाशी उत्तर नव्हतं, कारण त्याला कोणी कळवलंच नव्हतं. दोन्ही निर्णय एकाच सरकारने घेतलेले होते.

गेली काही वर्षं जमेल तसं या काळाबद्दल वाचतोय, आणि दरवेळी याच आठवड्यापाशी येऊन थांबतो. हेरगिरी म्हटलं की आपल्याला चोरलेली कागदपत्रं, वेषांतर, बंद खोल्या आठवतात. ते सगळं इथे आहेच. पण खरी झुंज चालली होती ती अंतराशी. माहिती मिळत होती, पण ती वेळेवर पोहोचत नव्हती. आणि ज्यांच्या पायांवर ती पोहोचायची, त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. म्हणून हा धागा.

आधी बेली कसा गेला ते बघा. एप्रिल १९१८ मध्ये त्याने श्रीनगर सोडलं. गिलगिट, हुंझा, मग साडेचार हजार मीटरहून उंच मिंटाका खिंड, ताश्कुर्गान, आणि जूनच्या सुरुवातीला चिनी तुर्कस्तानातलं काशगर. बरोबर एथर्टन आणि ब्लॅकर हे दोन अधिकारी आणि गाइड्स पलटणीतले सोळा जवान. गिलगिटपर्यंत तार होती, पुढची डाक हरकाऱ्याच्या पाठीवर. काशगरहून इर्केश्ताम, ओश, अंदिजान असं करत ताश्कंद. म्हणजे सिमल्याने बुधवारी विचार बदलला, तर तो ताश्कंदमधल्या माणसाला कळायला कित्येक आठवडे जाणार, आणि तेही वाटेत बर्फ नसेल तर.

ताश्कंदची परिस्थितीही नीट समजून घ्यायला हवी. १९१७ च्या शेवटी तिथे सत्ता घेतली ती मुख्यत्वे रशियन रेल्वे कामगारांनी आणि सैनिकांनी. शहराभोवतीची बहुसंख्य मुसलमान प्रजा त्या सत्तेत जवळजवळ नव्हतीच. कोकंदमध्ये स्थानिक लोकांनी स्वायत्त सरकार स्थापलं, ते फेब्रुवारी १९१८ मध्ये चिरडलं गेलं. मार्चमध्ये ताश्कंदच्या सरकारचा प्रमुख कोलेसोव याने बुखाऱ्याच्या अमिरावर चाल केली, ती फसली. उत्तरेला बोल्शेविकविरोधी सेनानी दुतोवच्या कोसॅकांनी ओरेनबुर्गची रेल्वे तोडली. जुलैमध्ये अश्काबादच्या रेल्वे कामगारांनीच बोल्शेविकांविरुद्ध उठाव केला आणि फुंतिकोव नावाचा एक इंजिन ड्रायव्हर तिथल्या सरकारचा प्रमुख झाला. ताश्कंद चहूबाजूंनी कोंडलेलं बेट झालं. त्या बेटावर ऑस्ट्रिया-हंगेरीचे हजारो युद्धकैदी मोकळे फिरत होते आणि गोदामांत कापसाचे ढीग पडून होते.

ब्रिटिशांच्या पोटात गोळा होता तो याच दोन गोष्टींचा. तुर्क बाकूच्या दिशेने येत होते. ते कॅस्पियन ओलांडून आले, कैद्यांना बंदुका मिळाल्या आणि कापूस जर्मनीच्या दारूगोळा कारखान्यांत गेला, तर अफगाण सरहद्दीपर्यंत वाट मोकळी होती. हिंदुस्थानातलं सैन्य तोवर मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन आणि फ्रान्सपर्यंत पांगलेलं.

तेव्हा बेलीला जाणून घ्यायच्या गोष्टी कोणत्या? लाल सैन्यात कैदी किती भरती होतायत. पाव किती मिळतो. रेल्वे चालते का. एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही : खनिज तेल तुटल्यामुळे तिथल्या इंजिनांत सरकीचं तेल, सक्सौलची वाळवंटी लाकडं आणि शेवटी अरल समुद्रातले सुकवलेले मासे जाळत होते. ज्याला बघायची दृष्टी आहे, त्याला फलाटावर उभं राहून नुसत्या धुराच्या वासावरून त्या राजवटीचा दम किती उरलाय ते कळलं असतं. त्यासाठी तिजोरी फोडायची गरज नव्हती.

२० ऑक्टोबर १९१८ ला बेली गायब झाला. अटक होणार हे त्याला कळलं होतं. पाळतीवरच्या माणसांना चुकवून तो एका घरात शिरला आणि ऑस्ट्रियन कैद्याच्या गणवेशात दुसरीकडून बाहेर पडला. पुढचं जवळजवळ एक वर्ष तो कधी हंगेरियन स्वयंपाकी होता, तर कधी रोमेनियन गाडीवान. डोंगरात लपला असताना बर्फात पडून पाय दुखावला. जानेवारी १९१९ मध्ये ताश्कंदचा युद्ध कमिसार ओसिपोव यानेच बंड केलं, चौदा कमिसार एका रात्रीत मारले गेले आणि नंतर शहरात धरपकडीचा कहर झाला. त्यानंतर हा माणूस पुन्हा त्याच शहरात येऊन राहिला.

शेवटी निसटण्यासाठी त्याने जे केलं ते अनेकांनी ऐकलं असेल. बोल्शेविकांच्या लष्करी प्रतिहेर खात्यातच तो नोकरीला लागला. मान्दिच नावाचा एक सर्ब त्या खात्यात होता, त्याच्या मदतीने. नवं नाव जोसेफ कास्तामुनी, राष्ट्रीयत्व अल्बानियन. अल्बानियन का, तर ताश्कंदात अल्बानियन भाषेत बोलून परीक्षा घेणारा कोणी भेटण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. काम होतं बुखाऱ्यात जाऊन बातमी काढायची. याआधी पाठवलेले हेर अमिराने मारले होते, त्यामुळे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. वाटेत बुखाऱ्याजवळच्या कागान स्टेशनवर त्याला वरिष्ठांची तार मिळाली : इंग्रज कर्नल बेलीबद्दल असेल ती माहिती कळवा.

बेलीची गोष्ट बहुतेक ठिकाणी या तारेपाशी संपते. माझी तिथे सुरू होते. बुखाऱ्यात त्याला दोन हिंदुस्थानी सैनिक भेटले, अवल नूर आणि कल्बी महंमद. ते मशहदहून, म्हणजे इराणच्या बाजूने, वाळवंट पार करून तिथे आलेले होते. डिसेंबर १९१९ मध्ये त्यांच्यासह बेलीने काराकुम तुडवलं आणि जानेवारी १९२० च्या सुरुवातीला, सरहद्दीवर गोळीबार झेलत, इराण गाठलं.

बेलीने वीस महिने काय केलं ते तारीखवार सांगता येतं. ते दोघे बुखाऱ्यात कसे पोहोचले, कोणाच्या घरी राहिले, कोणती भाषा बोलले, परत आल्यावर त्यांचं काय झालं? कोणाला काही माहीत असेल तर जरूर लिहा.

*

चांदणवेल | सोमवार, २२:४०

वाखूसा (वाचनखूण साठवली). शेवटचा परिच्छेद वाचून थांबले होते बराच वेळ.

एक शंका. १९ वी पंजाबी पलटण तिथे पाठवली कोणी? बेली काशगरकडून आणि हे लोक इराणकडून, असे दोन वेगवेगळे चमू होते का?

*

सह्यवाट | सोमवार, २३:०५

हो चांदणवेल, दोन वेगळे चमू. इराणच्या बाजूचा प्रमुख मेजर जनरल विल्फ्रिड मॅलेसन. हा मुळातला गुप्तवार्ता शाखेचा माणूस, सरसेनापती किचनेरच्या हाताखाली हिंदुस्थानात काम केलेला. जुलै १९१८ मध्ये तो मशहदला येऊन बसला. १९ ऑगस्टला त्याने अश्काबादच्या त्या कामगार सरकारशी करार केला. सैनिक करार व्हायच्या आधीच सरहद्द ओलांडून गेले होते.

मॅलेसनने नंतर जाहीर भाषणात सांगितलंय, की हजार मैलांपर्यंत त्याची माणसं होती, बोल्शेविक कचेऱ्यांच्या आतसुद्धा, आणि मध्य आशियाच्या रेल्वेवर त्याचा माणूस नाही अशी गाडी क्वचितच धावायची. थोडी अतिशयोक्ती धरा. पण मे १९१९ मध्ये तिसरं अफगाण युद्ध पेटलं, तेव्हा या जाळ्याचा उपयोग झाला. अफगाण आणि बोल्शेविक एकमेकांशी दोस्तीची बोलणी करत होते. मॅलेसन अफगाणांना बोल्शेविकांचे डाव कळवायचा आणि बोल्शेविकांना अफगाणांचे. मुळात १८८५ मध्ये रशियाने अफगाणांकडून पंजदेह घेतलं, तेव्हापासून दोघांमध्ये सलत होतंच. फार खोटं बोलावं लागलं नाही त्याला.

काशगरची गोष्ट वेगळी. तिथे ब्रिटिशांचा प्रतिनिधी जॉर्ज मॅकार्टनी १८९० पासून होता. गावोगावी हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा एक मुखिया नेमलेला असायचा, त्याला अक्सकाल म्हणत, म्हणजे पांढऱ्या दाढीचा. व्यापाऱ्यांत शिकारपूरचे सिंधी सावकार बरेच. कोणाचं कर्ज बुडालं, कोणाची घोडी सरकारने ओढून नेली, कोणत्या खिंडीतून कोण आलं, हे त्यांच्या वहीत आपोआप येई.

*

सिग्नलवाला | मंगळवार, ०६:२०

सह्यवाट, तुम्ही अंतराचा मुद्दा पकडलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी सत्तावीस वर्षं सैन्यात बिनतारी यंत्रणेवर काढली, त्यातली काही उत्तरेच्या डोंगरांत. ठिकाण लिहीत नाही.

एक गोष्ट जोडतो. कानाला हेडफोन लावून रात्रभर दुसऱ्या बाजूचा मोर्स ऐकताना सुरुवातीला नुसता कट्ट-कड कट्ट ऐकू येतं. महिन्याभराने माणसं ऐकू यायला लागतात. एकजण टिंब घाईत सोडतो, एकजण रेघेवर जरा रेंगाळतो. आम्ही त्याला ‘हात’ म्हणायचो. मजकूर सांकेतिक असल्याने एक अक्षर कळत नसलं, तरी ‘काल अमक्या ठाण्यावर असलेला हात आज तमक्या ठाण्यावरून येतोय’ एवढं कळलं, की तुकडी हललीय हे लिहून द्यायचो. एकदा तीन रात्री एक हात आलाच नाही. चौथ्या रात्री आला तेव्हा माझ्या शेजारचा हवालदार ‘आला बाबा’ म्हणाला. शत्रूचा माणूस, पण आम्हाला हायसं वाटलं होतं.

मॅलेसननेही मशहदला बसून रशियन बिनतारी संदेश ऐकले. पण या कामाला खरी बैठक आली ती सिमल्यात. जॉन टिल्टमन १९२१ पासून आठ वर्षं तिथे बसून मॉस्को, काबूल आणि ताश्कंद यांच्यातली रशियन गुप्तलिपी उलगडत होता. म्हणजे १९१८ मध्ये जी बातमी आणायला माणूस हिमालय चढून जात होता, तिच्यातली बरीचशी तीन-चार वर्षांत सिमल्याच्या खोलीत मिळायला लागली. अवल नूरसारख्या माणसांची गरज तिथून कमी होत गेली असावी. ते विसरले गेले, त्याचं हेही एक कारण असेल.

*

अरुणोदय | मंगळवार, ०९:५०

लेख चांगला आहे, पण मला एक गोष्ट खटकली आणि ती स्पष्ट लिहितो. हे सगळे लोक दुसऱ्याच्या देशात घुसलेले परके होते. ताश्कंदच्या कामगारांनी सत्ता घेतली आणि वर्षाच्या आत चारी बाजूंनी फौजा आल्या. त्यांनी बेलीवर पाळत ठेवली तर त्यात नवल काय? बाकूच्या सव्वीस कमिसारांचा उल्लेखही लेखात नाही. २० सप्टेंबर १९१८ च्या पहाटे त्यांना रेल्वेने वाळवंटात नेऊन गोळ्या घातल्या. बाकूच्या बोल्शेविकांचा पुढारी स्तेपान शौम्यान त्यांच्यात होता. तिथला ब्रिटिश गुप्तहेर टीग-जोन्स त्या कटात होता, असं सोव्हिएत इतिहास सांगतो. याला तुम्ही ‘बातमी आणणारी माणसं’ म्हणणार का?

*

सह्यवाट | मंगळवार, १३:३०

अरुणोदय, उल्लेख राहिला ही माझी चूक, मान्य. आणि ते परके होते यातही वाद नाही.

मला जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितो. बाकू पडताना हे सगळे जहाजाने निघाले, पण जहाज आस्त्राखानऐवजी क्रास्नोवोद्स्कला गेलं. ते अश्काबाद सरकारच्या ताब्यात होतं. मॅलेसनची मागणी होती, की त्यांना आपल्या हवाली करा, हिंदुस्थानात ओलीस म्हणून ठेवू. रेजिनाल्ड टीग-जोन्स अश्काबादमध्ये त्याचा प्रतिनिधी. १८ सप्टेंबरच्या संध्याकाळी अश्काबादच्या पुढाऱ्यांची बैठक झाली, तिला तो हजर होता. निर्णय व्हायच्या आधी आपण निघून गेलो, असं त्याने नंतर लिहिलं. मारलं ते अश्काबादवाल्यांनी, यावर आता फारसं दुमत नाही. फुंतिकोववर पुढे १९२६ मध्ये बाकूत खटला चालला आणि त्याला देहदंड झाला. टीग-जोन्सने ते थांबवण्यासाठी काही केलं का, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. ज्याच्या पैशांवर आणि मशीनगनींवर ते सरकार उभं होतं, त्याच्या प्रतिनिधीचा शब्द त्या खोलीत हलका नव्हता.

सोव्हिएत आरोपानंतर त्याने १९२२ च्या सुमारास नाव बदललं आणि रोनाल्ड सिंक्लेअर म्हणून जगला. १९८८ मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला, तेव्हा कुठे हा तोच माणूस हे लोकांना कळलं. हा मुळात पंजाबच्या पोलिस खात्यातला.

*

वर्धेकर | मंगळवार, १६:१०

अरुणोदय यांच्या मुद्द्याला जोडून. या सरहद्दीवर आपली माणसं दोन्ही बाजूंना होती, हे विसरता कामा नये.

आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर पक्षाच्या पहिल्या फळीतले. महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध हत्यार घेऊन लढले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर मॉस्कोला गेले. मौलवी बरकतुल्ला १९१९ मध्ये ताश्कंदला होते. १७ ऑक्टोबर १९२० ला मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदमध्येच हिंदी कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली, आणि खिलाफतीसाठी देश सोडलेल्या मुहाजिर तरुणांसाठी तिथे लष्करी शाळा सुरू झाली. म्हणजे बेली गेल्यावर वर्षाच्या आत त्या शहरात हिंदुस्थानी बोली ऐकू येत होती, आणि ती बोलणारे इंग्रजांना घालवायला निघाले होते.

त्यांच्यावर नजर ठेवायला हीच काशगर-मशहदची जाळी वापरली गेली. मार्च १९२१ मध्ये इंग्रज-रशियन व्यापार करार झाला आणि ती शाळा बंद पडली. पोरं पामीर आणि चित्रालमार्गे पायी परत यायला निघाली, ती बरीचशी सरहद्दीवरच पकडली गेली. पेशावरचे खटले १९२२ ते १९२७ पर्यंत चालले. आणि १९२४ च्या कानपूर खटल्यात मुंबईच्या श्रीपाद अमृत डांग्यांना चार वर्षं झाली, तो पुरावा काय होता? मुख्यतः रॉय यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. पत्रं टपालात फोडायची, उतरवून घ्यायची, परत चिकटवून पुढे पाठवायची. मिंटाका खिंडीत सुरू झालेला धागा मुंबईच्या टपालथैलीत येऊन पोहोचला होता.

खानखोजे पुढे मेक्सिकोत मक्यावर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ झाले आणि १९६७ मध्ये नागपुरात गेले. बेलीही १९६७ मध्येच गेला. माझ्या आजोबांनी खानखोज्यांना नागपुरात पाहिलं होतं. ते सांगायचे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय तो माणूस एक शब्द बोलत नसे.

*

चांदणवेल | मंगळवार, १७:००

वर्धेकर, या प्रतिसादाचा स्वतंत्र लेख करा. मनापासून विनंती.

*

अरुणोदय | मंगळवार, १७:४५

+१. आणि सह्यवाट, सरळ उत्तराबद्दल आभार.

*

गोदातीर | मंगळवार, २०:१५

मी कामामुळे रोज अहवाल वाचते (लष्करी नव्हेत, पिकांचे), त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. एवढी माहिती सिमल्याला आणि लंडनला गेल्यावर ती पारखत कोण होतं?

एक उदाहरण मला माहीत आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कर्झनने रशियाला कडक निषेधपत्र पाठवलं, की तुम्ही हिंदुस्थानात आणि अफगाणिस्तानात उचापती करताय. रशियाने उलट दाखवून दिलं, की यातला बराच मजकूर बर्लिनमधल्या एका बोल्शेविकविरोधी बातमीपत्रातून आणि बनावट कागदांतून आलाय. उचापती खऱ्या होत्या. वर्धेकरांनी लिहिलंच आहे. पण पुरावा खोटा निघाल्याने खरं प्रकरणही तोंडघशी पडलं. पुढे १९२३ च्या निर्वाणीच्या खलित्यात कर्झनने पकडलेल्या रशियन तारांतली वाक्यंच उद्धृत केली. त्याने पुरावा पक्का झाला, पण आपल्या तारा वाचल्या जातायत हे समोरच्यालाही कळलं.

आमच्याकडेही हेच होतं. तालुक्यातून पाऊस ‘समाधानकारक’ म्हणून येतो. तो शब्द लिहिणाऱ्याने शेत पाहिलं का कचेरीच्या खिडकीतून आभाळ पाहिलं, हे अहवालात कुठेच नसतं. एकदा मी स्वतः गेले. बांधावर उभी राहिले तर तुरीची पानं खालून पिवळी पडलेली आणि जमिनीला बोटभर भेगा. कागदावर तेच गाव ‘समाधानकारक’.

*

सिग्नलवाला | मंगळवार, २१:०५

गोदातीरताई, अगदी बरोबर बोट ठेवलंत. आमच्याकडे कागदाच्या वर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायची शिस्त होती : आणणारा माणूस कितपत भरवशाचा, आणि आणलेली बातमी कितपत पटण्यासारखी. चांगला माणूसही चुकीचं ऐकतो आणि लबाड माणूसही कधी खरं सांगतो. वरच्या पायरीवर गेल्यावर या दोन खुणा गळून जातात आणि नुसतं वाक्य उरतं. १९२१ ला बहुधा तेच झालं असणार.

*

ताश्कंदकर | बुधवार, ००:३०

औषध कंपनीच्या कामानिमित्त पाच वर्षं ताश्कंदला होतो, म्हणून हे नाव. आपल्याकडे ताश्कंद म्हटलं की शास्त्रीजी आठवतात, ११ जानेवारी १९६६. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे मोठा भूकंप झाला आणि जुन्या शहराचा खूप भाग गेला. त्यामुळे बेलीच्या काळचं ताश्कंद शोधणं अवघड आहे.

पण जुन्या वस्तीच्या काही गल्ल्या शिल्लक आहेत, त्यात फिरलं की तो घरातून कसा गायब झाला असेल ते कळतं. रस्त्याच्या बाजूने मातीची उंच आंधळी भिंत, तिला एकच दार. आत शिरलं की अंगण, जर्दाळूचं किंवा तुतीचं झाड, आणि मधून वाहणारा पाण्याचा पाट. त्याला तिथे अरीक म्हणतात. हा पाट भिंतीखालून शेजारच्या अंगणात जातो. शेजारच्या अंगणात जायला भिंतीत एक छोटं दारही असतं, बायकामुलांना रस्त्यावर न जाता ये-जा करता यावी म्हणून. माझ्या घरमालकीणबाई गरम नान घेऊन त्याच दाराने यायच्या, पुढच्या दाराची कडी मी पाच वर्षांत त्यांच्यासाठी एकदाही काढली नाही. बेली राहिला तो भाग रशियन वस्तीचा, तिथली घरं वेगळी. पण परसदारं आणि बागा एकमेकींना जोडलेल्या असणार. पाळतीवरचा माणूस रस्त्यावर उभा राहून दार बघत बसतो, आणि त्या शहरातली निम्मी वर्दळ रस्त्यावरून होतच नाही.

आणखी एक. दार उघडून त्याला आत घेणारं, कपडे देणारं कोणीतरी होतं. तेव्हा पकडलं गेलं असतं, तर बेलीच्या मागे निदान एक सरकार होतं. त्या घरच्यांच्या मागे कोण होतं?

*

पलटणकर | बुधवार, ०८:४०

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात. पुणे डिव्हिजनबरोबर कुत या गावी वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ नंतर तुर्कांचे कैदी झाले. परत आले, पण त्याबद्दल बोलले नाहीत. घरात त्यांचं पितळी भांडं आहे, तळाशी खिळ्याने नंबर कोरलेला. नाव नाही, नंबरच. म्हणून सह्यवाट यांचा शेवटचा परिच्छेद वाचताना आत हललो.

अश्काबादच्या बाजूला लढलेल्यांत कोणी मराठे होते का? आणि त्या लढायांचं पुढे काय झालं?

*

सह्यवाट | बुधवार, १२:२०

पलटणकर, तिथे मराठा पलटण नव्हती. १९ वी पंजाबी आणि २८ वी लाइट कॅव्हलरी या मुख्य. त्या वेळी मराठे जास्त करून तुमच्या पणजोबांच्याच मुलखात होते.

सगळ्यांत जास्त माणसं पडली ती १४ ऑक्टोबर १९१८ ला, दुशाक स्टेशनवर. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना सपाट माळ, लपायला काही नाही. पंजाबी पलटण पहाटे उघड्यावरून चालत गेली. त्यांचे बहुतेक इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. स्टेशनात दारूगोळ्याची गाडी उडाली. स्टेशन हाती आल्यावर बरोबरचे तुर्कमेन स्वार आणि रशियन लुटीला लागले, आणि उरलेले पंजाबी शिपाई जखमींना घेऊन माघारी आले. मग जानेवारी १९१९ मध्ये अनेन्कोवोची चकमक. त्यानंतर लंडनने हात आखडता घेतला आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सगळं सैन्य इराणात परत. जुलैमध्ये अश्काबाद बोल्शेविकांकडे गेलं. सप्टेंबर १९२० मध्ये लाल सैन्याचा सेनापती फ्रुंझे याने बुखारा घेतलं आणि अमीर पळाला.

इराणात पडलेल्या आणि कबर माहीत नसलेल्यांची नावं तेहरानच्या स्मारकावर आहेत, तीन हजारांहून अधिक, बहुतेक हिंदुस्थानी. लढून पडलेल्याचं नाव निदान दगडावर येतं. शिकारपुरी सावकाराने गुंडाळून दिलेली चिठ्ठी घेऊन जो माणूस मिंटाकावर बर्फात राहिला असेल, तो कोणत्याच पटावर नव्हता.

ताश्कंदकर, तुमचा शेवटचा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. बेलीने आपली हकिगत प्रसिद्ध केली ती १९४६ मध्ये. मधल्या काळात ती परवानगीसाठी अडकली होती. मागे राहिलेल्यांना धोका, ही भीती तेव्हा किती खरी होती हे तीसच्या दशकातलं ताश्कंद आठवलं की कळतं.

*

वर्धेकर | बुधवार, १५:३५

सह्यवाट, अवल नूर आणि कल्बी महंमद यांच्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फाइली बघाव्या लागतील, १९१९ आणि १९२०, सरहद्दीचा विभाग. खानखोज्यांसाठी मी तिथे बसलोय. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर बरंच चढवलंय, पण शोधताना नावाची स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांनी घालून बघा, कारकून ऐकेल तसं लिहायचे. बक्षिसाच्या शिफारशी आणि प्रवासभत्त्याची बिलं आधी मागवा. अहवालात शिपायाचं नाव गाळलं जातं, पण पैसे द्यायचे तर नाव लिहावंच लागतं.

*

सह्यवाट | बुधवार, २१:५०

वर्धेकर, भत्त्याच्या बिलांचं डोक्यात आलं नव्हतं. आज संध्याकाळी दोन तास बसून शोधलं. मशहदच्या नावाने याद्या दिसतायत, त्यातल्या बऱ्याच फाइली अजून चढवलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात दिल्लीला जाणं आहे, तेव्हा दोन दिवस जास्त काढतो आणि मागणीचे अर्ज आधीच भरून ठेवतो. पलटणकर, तुमच्या पणजोबांच्या भांड्यावरचा नंबर आणि पलटण मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. तिथे असेन तेव्हा तोही बघतो.